ओव्हरऑइलिंग

‘ओव्हरऑइलिंग’ हा शब्द मला शाळेच्या कुठल्याच पुस्तकात भेटला नाही. इंग्लिशच्या नाही आणि मराठीच्याही नाही. पण सायकल दुकानांच्या पाट्यांवर तो मोठ्या ऐटीत बसलेला असतो. ‘येथे सायकलचे ओव्हरऑइलिंग करून मिळेल.’ मूळ शब्द अर्थातच ‘ओव्हरहॉलिंग’. म्हणजे सगळं खोलायचं, धुवायचं, तपासायचं, झिजलेलं बदलायचं आणि परत जोडायचं. तेल हा त्यातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. पण आपण बहुतेक जण काय करतो? गंजलेल्या सायकलवर वरून तेल ओततो, दोन दिवस चालवतो आणि परत कोपऱ्यात उभी करतो. म्हणजे पाटीवरचा शब्दच खरा म्हणायचा!

तर मित्रांनो, २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत मी आमच्या पप्पांची जुनी रेसर सायकल ओव्हरऑइल केली (आता मीही हाच शब्द वापरते). इंटर्नशिप मिळाली नव्हती, मैत्रिणी कोडिंगचे कोर्स करत होत्या आणि घरी मम्मी रोज सकाळी ‘आज काय करणार आहेस?’ असं ज्या सुरात विचारायची, त्या सुरावरून काहीतरी करणं भाग होतं.

आधी सायकलची ओळख करून देते. पप्पांनी ती १९९३ साली, डिप्लोमाला असताना, सांगलीकडच्या एका रेसरकडून नऊशे रुपयांना सेकंडहँड घेतली. स्टीलची फ्रेम, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, सत्तावीस इंची चाकं, ना मडगार्ड ना कॅरिअर. गिअर नाहीत. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. रंग दोनदा मारलेला, त्यामुळे मूळ कंपनी कोणती हे कोणालाच नक्की माहीत नाही. आमचं गाव कराडपासून ११ किलोमीटर. पप्पा रोज ह्याच सायकलवरून कॉलेजला आणि नंतर नोकरीला जायचे. जत्रेतल्या शर्यतींत भाग घ्यायचे. त्यात मिळालेली स्टीलची कळशी आमच्या घरी अजून आहे आणि पाहुणे आले की तिचा इतिहास सांगितला जातो.

२००५ मध्ये मी झाले. तान्ह्या बाळाला घेऊन रेसर सायकलवर दवाखान्यात जाता येत नाही, म्हणून पप्पांनी मोटारसायकल घेतली आणि ही सायकल मागच्या पडवीत उभी राहिली. म्हणजे मी जितक्या वर्षांची, तितकी वर्षं ती जागची हललेली नाही. मम्मीनं तिच्यावर आधी दुपटी वाळत घातली, मग माझे युनिफॉर्म आणि शेवटी पायपुसणी.

ह्या सुट्टीत भंगारवाला आला. काट्याला लावली तर १५ किलो भरली. पंचवीस रुपये किलोनं तीनशे पंचाहत्तर रुपये. पप्पा ‘देऊन टाका’ म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पण पेपर उलटा नव्हता एवढंच, बाकी लक्ष कुठे होतं ते मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘पप्पा, महिनाभर थांबा. मी चालू करून बघते.’

पप्पा म्हणाले, ‘तुला जमेल?’

मी म्हटलं, ‘टी.ई. मेकॅनिकलला आहे मी!’

त्यावर ते जे हसले, ते आपल्या सर्व प्राध्यापकांनी ऐकायला हवं होतं.

आता, सायकल चालवून खराब होते असा माझा समज होता. तसं नाही. ती खरी खराब होते उभी राहून. वीस वर्षांत टायरला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडलेल्या. ट्यूब रिमला चिकटलेली. चेन अशी कडक झालेली की हातात धरली तर काठीसारखी उभी राहत होती. हबमधल्या ग्रीसचं मेण झालेलं. सीट काढली तर खालच्या नळीचं तोंड कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलेलं, एकदम प्लॅस्टरिंग केल्यासारखं. आणि सीटचा दांडा नळीत गंजून असा बसलेला की पाना लावला तर सायकल फिरायची, पण दांडा नाही.

बाजारात एक चाचा आहेत. चाळीस-एक वर्षं सायकल दुरुस्तीच करतात. पप्पांची सायकल त्यांनी टेम्पोतून उतरतानाच ओळखली. त्यांनी पहिला धडा दिला तो असा, ‘बेटा, गंजलेल्या वस्तूशी भांडायचं न्हाई. तेल सोडायचं, चहा प्यायचा, उद्या बघायचं.’ सीटच्या दांड्याला आम्ही पाच दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पातळ तेल सोडलं, लाकडी ठोकळा लावून हलके ठोके दिले. सहाव्या दिवशी तो अर्धा इंच फिरला. त्या अर्ध्या इंचाचा जो आनंद झाला, तो मला एम-थ्री सुटल्यावरही झाला नव्हता.

हँडल काढायची युक्ती तर मला खूपच आवडली. हँडलच्या दांड्यात आत एक लांब बोल्ट असतो आणि त्याच्या टोकाला पाचर. बोल्ट घट्ट केला की पाचर वर ओढली जाते आणि नळीला आतून आवळते. म्हणून तो पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटेच सैल करायचे आणि डोक्यावर लाकूड ठेवून हातोडी मारायची. पाचर खाली सुटते, हँडल मोकळं.

मी कॉन्व्हेंटची. घरी मराठी बोलते, पण मशीनचं जे काही शिकले ते सगळं इंग्लिशमधून. चाचांच्या दुकानात माझं इंग्लिश काही कामाचं नव्हतं. तिथे बेअरिंगच्या गोळ्यांना छर्रे म्हणतात, फोर्कला चिमटा, थ्रेड म्हणजे आटे, स्पोक म्हणजे तारा आणि चाक ट्रू करणं म्हणजे ‘आउट काढणं’. आणि गंमत म्हणजे घरी आल्यावर पप्पाही ह्याच भाषेत बोलायला लागले. एरवी आमचं बोलणं म्हणजे ‘पैसे पोचले का’ आणि ‘जेवलीस का’. पप्पा कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. शिफ्टवरून येतात, जेवतात, झोपतात. आता ते आल्या आल्या विचारायचे, ‘छर्रे किती निघाले?’

छर्रे मोजायचेच असतात. पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला ३/१६ इंची दहा, मागच्यात पाव इंची नऊ आणि पायडलच्या मधल्या एक्सलला, म्हणजे बीबीला, पाव इंची अकरा. आमच्या बीबीतून एका बाजूला दहाच निघाले. एक कुठे गेला कोण जाणे! एखादा खराब असला तरी छर्रे सगळे बदलायचे असतात, कारण नवीन आणि झिजलेला ह्यांत मायक्रॉनचा फरक असला तरी सगळा भार मोठ्यावरच येतो. कप आणि कोन बोटाच्या नखानं तपासायचे. नख अडखळलं म्हणजे खड्डा आहे. मागच्या हबचे दोन्ही कोन बदलावे लागले.

पायडल काढताना पप्पांनी पायरीवर बसूनच सांगितलं, ‘डावं उलटं फिरव.’ उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. कारण विचारलं तर म्हणाले, ‘असतंय तसं.’ मग मी पुस्तक काढलं. पायडल मारताना पायाचा भार एकाच दिशेनं खाली असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे आट्यांच्या दृष्टीनं त्या भाराची दिशा गोल फिरत राहते आणि पायडलचा दांडा आपल्या भोकात अगदी किंचित, उलट्या दिशेनं सरकत राहतो. ह्याला प्रिसेशन म्हणतात. डाव्या बाजूला साधे आटे असते, तर पायडल मारता मारता सुटून आलं असतं. पप्पांना हे सगळं वहीवर चित्र काढून सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे मी तेच म्हटलं की.’

(आणि बीबीचा उजवा कप मात्र उलट्या आट्यांचा असतो. हे व्हायव्हात विचारलं तर लक्षात ठेवा.)

चेनचा निकाल स्टीलच्या पट्टीनं लागला. चेनच्या एका कडीचं माप अर्धा इंच. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. त्याच्यावर एक अष्टमांश इंच भरली की चेन टाकायची. आमची पाव इंच जास्त भरली. लोक म्हणतात चेन ‘ताणली’. पण पोलाद काही ताणत नाही, आतल्या पिना आणि त्यांची भोकं झिजतात. पप्पांचे रोजचे २२ किलोमीटर त्या पाव इंचात होते.

फ्रेम सरळ आहे की नाही हे बघायला चाचांनी काय वापरलं असेल? सुतळी! मागच्या एक्सलच्या खाचेला सुतळी बांधायची, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ओढून आणायची. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजायचं. दोन्ही सारखं म्हणजे फ्रेम सरळ. आमचा फरक निघाला दोन मिलिमीटर. चाचा म्हणाले, ‘माणसाचं नाकबी एवढं सरळ नसतं.’

इथपर्यंत सगळं कसं मजेत चाललं होतं. आता खरा मुद्दा.

चिमटा साफ करताना चाचांचा हात थांबला. चिमट्याचे दोन पाय वर जिथे एकत्र येतात आणि तिथून जी उभी नळी फ्रेममध्ये जाते, तिच्या अगदी बुडाशी केसासारखी बारीक रेघ दिसत होती. मला वाटलं ओरखडा आहे. चाचा काही बोलले नाहीत. रॉकेलमध्ये फडकं बुडवून ती जागा भिजवली, दहा मिनिटं ठेवली. मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घेतली. खिशातून पांढरा खडू काढला, त्याची पूड त्या जागेवर चोळली आणि म्हणाले, ‘आता बघ.’

पांढऱ्या पुडीवर एक ओली, करडी रेघ हळूहळू उमटली. नळीच्या जवळजवळ एक तृतीयांश घेरापर्यंत.

ओरखड्यात रॉकेल राहत नाही, पुसलं की निघून जातं. भेगेत ते आत शिरतं आणि खडू त्याला परत बाहेर शोषून घेतो. आपण ह्याला डाय पेनिट्रंट टेस्ट म्हणतो, लाल रंगाचा स्प्रे आणि पांढरा डेव्हलपर. त्या टेस्टचं मूळ हेच. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तेल आणि खडूची पूड वापरून डब्यांच्या भागांमधल्या भेगा शोधायचे. मी लॅबमध्ये कॅनवरच्या सूचना वाचून हे केलेलं होतं आणि जर्नलमध्ये ‘कॉन्क्लुजन’ही लिहिलं होतं. पण पप्पांच्या सायकलवर ती रेघ उमटताना बघणं वेगळं होतं.

जागाही अगदी पुस्तकातली. चिमटा म्हणजे एका टोकाला पक्कं धरलेला कॅन्टिलिव्हर. रस्त्याचा प्रत्येक धक्का आणि पुढच्या ब्रेकचा प्रत्येक झटका त्याला वाकवायला बघतो आणि बेंडिंग मोमेंट सगळ्यात जास्त धरलेल्या टोकाशी. एस.एफ.डी.-बी.एम.डी. काढताना आपण तिथे पेन्सिलीनं टोक काढतो ना, तिथेच ही भेग होती. एकदा भेग सुरू झाली की लहान लहान धक्केसुद्धा तिला रोज थोडं पुढे नेतात. ऑगस्ट व्योलर ह्या जर्मन इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या एक्सलवर ह्याच गोष्टीचा अभ्यास केला होता. आपला एस-एन कर्व्ह त्याच्याच नावानं ओळखला जातो. आणि सायकलचा एखादा भाग असा असतो की तो तुटला तर तुम्ही थांबता. चेन तुटली, थांबलात. चिमटा तुटला तर थांबत नाही, तोंडावर पडता.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. वाटलं होतं, ‘असं कसं’ म्हणतील. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ‘अठ्ठ्याण्णवची आहे ती.’

१९९८ च्या जत्रेतल्या शर्यतीत ते उतारावर खड्ड्यात जाऊन पडले होते. चिमटा मागे वाकला. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं, नवीन चिमट्याला पैसे नव्हते, म्हणून त्याच संध्याकाळी लोहाराकडून ठोकून सरळ करून घेतला. वरून रंग मारला. आणि त्यावर पुढे सात वर्षं रोज गेले-आले. घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. कळशीचा इतिहास आम्हाला पाठ, पण ह्या शर्यतीचा नाही.

‘लग्नानंतर तुझ्या आईला दांडीवर बसवून कराडला पिक्चरला नेलंय मी ह्याच्यावर,’ पप्पा म्हणाले. एवढंच. मग बराच वेळ चिमटा हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा सूर बदलला. ‘वेल्डिंग मारून घेऊ. आपल्या कारखान्यातला वेल्डर एक नंबर आहे.’ मी सांगितलं की पातळ नळी आहे, वेल्डच्या शेजारच्या धातूचा स्वभाव उष्णतेनं बदलतो, भेग तिथूनच परत सुरू होईल. पप्पा चिडले. ‘तुझं पुस्तक मला नको शिकवू. मी तीस वर्षं मशिनी दुरुस्त करतोय.’ मग दोघं चाचांकडे गेलो. चाचा पप्पांपेक्षा वयानं मोठे, त्यामुळे पप्पा त्यांच्यापुढे जरा दबून असतात.

चाचा म्हणाले, ‘वेल्डिंग मी करणार न्हाई आणि दुसऱ्यानं केलं तर ही सायकल मी जोडणारबी न्हाई. भिंतीला टांगायची असंल तर राहू दे हाच चिमटा, सोन्याचा मुलामा द्या. पण पोरगी बसणार असंल तर बदला.’

मला वाटतं जुनी सायकल नीट करण्याबद्दल ह्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. जपायची आहे की चालवायची आहे, हे आधी ठरवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. जपायची असेल तर जितकं जुनं तितकं चांगलं. मूळ रंग, मूळ भाग, मूळ ओरखडेसुद्धा. चालवायची असेल तर प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा, ‘तू उद्या माझा भार घेशील का?’ त्यात त्या भागाची आठवण किती मोलाची आहे ह्याला मार्क नाहीत. गंमत अशी की ज्या भागाची आठवण सगळ्यात मोठी, त्यालाच सगळ्यात जास्त मारही बसलेला असतो.

पप्पा दोन दिवस सायकलकडे फिरकले नाहीत. मीही विषय काढला नाही. मम्मी एकदाच म्हणाली, ‘मला काही झालं नाही ना? मग झालं तर!’

तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना पप्पांनी स्वतःच चाचांच्या माळ्यावरून एक चिमटा शोधून आणला. जुन्याच स्टॉकमधला, पण न वापरलेला. क्रोम थोडं मळकट, साडेचारशे रुपये. नळीची जाडी तीच, एक इंची. उभी नळी थोडी लांब होती, ती दोन वायसर जास्त टाकून जुळवली. सत्तावीस इंची चाक आत फिरतंय आणि ब्रेक रिमपर्यंत पोचतोय हे त्यांनी माळ्यावरच चाक चढवून बघितलं होतं.

आणि घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? जुना चिमटा व्हाइसमध्ये धरला, हॅक्सॉ घेतली आणि भेगेच्या बरोबर वरून कापून त्याचे दोन तुकडे केले. मी विचारलं, ‘कशाला? ठेवला असता की.’

‘भंगारात गेला तर कोणीतरी परत रंग मारून दुसऱ्याच्या सायकलला लावेल.’

इंजिनिअरिंग एथिक्सवर आपल्याला एक युनिट आहे. माझ्यासाठी ते युनिट त्या दिवशी संपलं.

बाकीचं काम मग भरभर झालं. टायरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नक्की सांगते, कारण हॉस्टेलवर बऱ्याच जणांकडे जुन्या रेसर आहेत. आजकाल दुकानात आणि ऑनलाइन ७०० सी असं लिहिलेले टायर मिळतात. ते २७ × १¼ च्या टायरसारखेच दिसतात, पण ते त्या रिमवर बसत नाहीत. ७०० सी चा टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर, सत्तावीस इंचीचा ६३०. आठ मिलिमीटरचा फरक. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ३२-६३० असा नंबर असतो, तोच बघून घ्या. मोठे आकडे फसवतात, बारीक आकडे नाही.

चाकांची आउट काढायला ब्रेकचे रबरच गेज म्हणून वापरले. चाक हळू फिरवायचं, रिम ज्या बाजूला घासेल त्याच्या विरुद्ध बाजूची तार पाव फेरा आवळायची. पाव फेराच. घाईनं पूर्ण फेरा दिला तर चाक अंड्यासारखं होतं. ह्या दोन मिलिमीटरच्या तारा खरं तर दाब घेऊच शकत नाहीत, लगेच वाकतील. पण सगळ्या आधीच ताणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे माणसाचं वजन आलं की खालच्या तारांचा ताण फक्त कमी होतो. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटवाल्या सिव्हिलच्या मंडळींनी नोंद घ्यावी!

क्रँकला कॉटर पिना आहेत. त्या दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेनं ठोकायच्या, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. पहिल्या दिवशी चालवून झाल्यावर त्यांचे नट परत आवळायचे. ब्रेकच्या वायर आणि रबर नवीन घातले. तरी रिम क्रोमच्या स्टीलची आहे. ओली झाली की ब्रेक अगदी उशिरा लागतो. त्यामुळे पावसात ही सायकल बाहेर काढायची नाही, हा पप्पांचा नियम आहे आणि तो मी पाळते.

खर्चाचा हिशोब (मेसच्या हिशोबापेक्षा चोख): दोन टायर ७६०, दोन ट्यूब २६०, चिमटा ४५०, चेन १८०, छर्रे-कोन-कॉटर-ग्रीस १५०, ब्रेकचं सामान २२० आणि चाचांची मजुरी ४००. एकूण २,४२० रुपये आणि २३ दिवस.

पहिल्यांदा कोण बसणार ह्यावर घरात चर्चा झाली नाही. पप्पा म्हणाले, ‘टेस्टिंगला आधी मेंटेनन्सवाला बसतो.’ पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवून बघितली, हँडलमध्ये खडखड नाही ना. चाक पायात धरून हँडल पिळून बघितलं. मग लुंगी सावरून टांग मारली आणि कोपऱ्यावरच्या दत्त मंदिरापर्यंत जाऊन आले. गुडघा दुखतो म्हणून जिना चढताना कुरकुरणारा माणूस! मम्मी दारात उभी होती. म्हणाली, ‘दांडीवर बसू का?’ पप्पा म्हणाले, ‘आता बस. आता खरंच बस.’ ती अर्थातच बसली नाही, गल्लीतली माणसं बघत होती. पण तिनं त्या दिवशी पायपुसणी वाळत घालायला नवीन दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्रीतिसंगमापर्यंत जाऊन आले. ४८ भागिले १८, गुणिले चाकाचा घेर, म्हणजे एका पायडलमध्ये जवळजवळ पावणेसहा मीटर. सपाट रस्त्यावर झकास, चढाला मात्र पाय भरून येतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही असा नियम आहे. आमची त्याच्या दुपटीहून जड. पण पंधरा किलोंपैकी प्रत्येक किलोचं मी आणि पप्पांनी नाव घेऊन तपासलेलं आहे. असं किती जणांना आपल्या गाडीबद्दल सांगता येईल?

आता ती सायकल इथे आहे, लेडीज हॉस्टेलच्या स्टँडला, दुसऱ्या रांगेत. बऱ्याच जणींनी चालवून बघितली आहे. वाकलेल्या हँडलमुळे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची कंबर धरते, मग उतरायची इच्छा होत नाही. पप्पांचा आठवड्यातून दोनदा फोन येतो. आधी हवा विचारतात, मग जेवण.

तुमच्या घरीसुद्धा पडवीत, जिन्याखाली, गच्चीवर अशी एखादी सायकल नक्की असेल. बाबांची, काकांची, मामाची. हॉस्टेलच्या मागे तर पास आउट झालेल्या सीनिअर्सच्या किमान डझनभर उभ्या आहेत. मालकाला फोन करून विचारा, रेक्टरांची परवानगी घ्या आणि एक सोडवून आणा. पण क्रम माझ्या चाचांचा ठेवा. रंगाकडे बघायचं नाही. आधी चिमटा आणि हँडल, मग फ्रेमचे सांधे, मग ब्रेक, मग टायर, मग बाकी सगळं. आणि ह्यातलं पहिलंच नापास झालं तर ‘ह्या सायकलवर बसायचं नाही’ असं म्हणायचीही तयारी ठेवा, ती कोणाचीही असो. तेल सगळ्यात शेवटी.

पाने माझ्याकडे आहेत, रविवारी सकाळी देईन. खडू मात्र स्वतःचा आणा. वर्गातला घेतला तर सर ओरडतात!

— टी.ई. मेकॅनिकल